होल्टर नोंदीतून अरिद्मियाचा धोका मोजताना: आधी ठोके, मग आकडे

२४ तासांत हृदयाचे साधारण एक लाख ठोके पडतात. होल्टर हे अंगावर बाळगून दिवसभर ईसीजी (हृदयाचा विद्युत आलेख) टिपणारं यंत्र; त्याच्या नोंदीत ते सगळे असतात, आणि अरिद्मियाचा, म्हणजे हृदयाची लय बिघडण्याचा, धोका त्यातून मोजतात. संगणक काही मिनिटांत प्रत्येक ठोक्याला नाव देतो, मोजतो आणि शेवटी आकड्यांनी भरलेला अहवाल हातात ठेवतो. आकडे नेटके छापलेले असतात, म्हणून खरे वाटतात. पण एसडीएनएन (ठोक्यांमधली अंतरं किती बदलतात याचं माप) असो, हार्ट रेट टर्ब्युलन्स (वेळेआधीच्या ठोक्यानंतर गती कशी हलते याचं माप) असो की व्हीपीसीची (खालच्या कप्प्यातून वेळेआधी आलेल्या ठोक्यांची) टक्केवारी, यातला प्रत्येक आकडा दोनच गोष्टींवर उभा असतो: ठोका नेमका कधी पडला आणि तो कोणत्या जातीचा होता. इथे चूक झाली की पुढचं गणित कितीही बिनचूक असलं तरी उत्तर चुकतंच. म्हणून खाली आकडा निघण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे. हे लिखाण होल्टरचं विश्लेषण करणारे तंत्रज्ञ, शिकाऊ डॉक्टर आणि सिग्नलवर काम करणारे इंजिनिअर यांच्यासाठी आहे. कुणाला काय उपचार द्यायचे, हे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील.

किती तासांची नोंद, किती हर्ट्झवर

नॉर्मन होल्टर यांनी ही पद्धत १९६१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडली. त्याआधीचं त्यांचं पहिलं यंत्र पाठीवर वाहायचं होतं आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. आता छातीवरची चिकटपट्टी दोन आठवडे तेच काम करते. तरीही लांब नोंद म्हणजे चांगली नोंद, असं सरसकट म्हणता येत नाही. नोंद किती लांब हवी हे आधी प्रश्नावर ठरवा.

हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (ठोक्यांमधल्या अंतरांचं कमी-जास्त होणं), म्हणजे एचआरव्ही, हवी असेल तर पूर्ण २४ तास हवेत. त्यातले किमान १८ तास वापरण्याजोगे असावेत आणि अख्खी रात्र त्यात आलेली असावी. व्हीपीसी रोज सारख्या पडत नाहीत; एक दिवस ४% तर दुसऱ्या दिवशी १२% दिसणं अजिबात विचित्र नाही. त्यांचं ओझं मोजायचं तर ४८ तास किंवा अधिक घ्या. अधूनमधून येणारं एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची विस्कळीत थरथर) पकडायला १४ दिवसांची पट्टी उत्तम. मात्र बहुतेक पट्ट्या एकाच लीडच्या, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून पाहणाऱ्या, असतात. रुंद ठोका व्हीपीसी आहे की बंडल ब्रँचमधल्या (विजेचा संदेश खाली नेणाऱ्या फांदीतल्या) अडथळ्यामुळे रुंदावलेला वरच्या कप्प्यातला ठोका आहे, हे एका लीडवरून ठरवताना बऱ्याचदा अडायला होतं. तिथे दोन-तीन चॅनलचं जुन्या धाटणीचं होल्टरच बरं.

सॅम्पलिंग २५० हर्ट्झच्या खाली नको. २५० हर्ट्झवर दोन नमुन्यांमध्ये ४ मिलिसेकंदांचं अंतर असतं, १२८ हर्ट्झवर जवळजवळ ८. ज्या रुग्णाचा आरएमएसएसडीच (लगतच्या अंतरांमधल्या फरकाचं माप) १२-१५ मिलिसेकंद आहे, त्याच्यासाठी ८ मिलिसेकंदांची पायरी फार ढोबळ होते. जुनी नोंद १२८ हर्ट्झचीच असेल तर आर-शिखराभोवतीच्या (ठोक्याच्या सर्वांत उंच टोकाभोवतीच्या) तीन नमुन्यांतून परवलय काढून खरं शिखर शोधा. चूक बरीच कमी होते. साठवणीची काळजी करायचं कारण उरलेलं नाही. २५० हर्ट्झवर २४ तासांचे एका चॅनलमागे २ कोटी १६ लाख नमुने होतात. प्रत्येकी दोन बाइट धरले तर तीन चॅनलचे मिळून १३० मेगाबाइट.

उंचीची बारकाई मात्र अनेकदा विसरली जाते. १० मिलिव्होल्टचा पल्ला ८ बिटांत मांडला तर एक पायरी ३९ मायक्रोव्होल्टची होते, १२ बिटांत सुमारे २.४ मायक्रोव्होल्टची. ठोके मोजायला पहिलं चालून जाईल. टी-वेव्ह अल्टरनन्ससाठी (ठोक्यामागून येणारी टी-लहर एकाआड एक ठोक्यांत बदलते का, हे पाहणारं माप), जिथे धोक्याची रेघच ४७ मायक्रोव्होल्टवर आहे, त्याचा काहीही उपयोग नाही.

इलेक्ट्रोड लावताना वाचवलेली पाच मिनिटं

इथे वाचवलेली पाच मिनिटं पुढे दोन तासांचं एडिटिंग करून फेडावी लागतात. केस काढा, त्वचा खरबरीत पॅडने हलकी घासा, स्पिरिट लावा आणि ते *पूर्ण वाळल्यावरच* इलेक्ट्रोड चिकटवा. ओल्या स्पिरिटवर चिकटवलेला इलेक्ट्रोड रात्री घामाने हमखास सुटतो. जागा हाडावरची निवडा, म्हणजे छातीचं मधलं हाड किंवा बरगडी. स्नायूवर लावलात की हात हलला तरी नॉइज येतो. प्रत्येक वायरीला एक छोटा वळसा देऊन तो टेपने छातीला चिकटवा, म्हणजे ओढ बसली तर ती वळशावर बसेल, इलेक्ट्रोडवर नाही.

मग रुग्णाला बसवा, उभं करा, डाव्या-उजव्या कुशीवर झोपवा आणि सिग्नल पाहत राहा. किमान एका चॅनलवर क्यूआरएस (खालचे कप्पे आकुंचन पावतानाची टोकदार लाट) साधारण १ मिलिव्होल्ट उंच आणि टी-लहर तिच्यापेक्षा बरीच बुटकी असावी. एखाद्या कुशीवर क्यूआरएस अर्ध्यावर येत असेल तर जागा आत्ताच बदला. रात्रीच्या अहवालात दिसणारे 'चार सेकंदांचे पॉझ', म्हणजे ठोक्यांमधले खंड, बऱ्याचदा इथेच जन्माला येतात.

यंत्राचं घड्याळही तपासा. सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली तर दिवस-रात्रीचे सगळे आकडे उलटे होतात, आणि रुग्णाच्या रोजनिशीतली 'साडेआठला धडधड' ही नोंद भलत्याच जागी जाऊन पडते.

सिग्नलमधून ठोके शोधणं

ठोके शोधण्यासाठीचा सिग्नल आणि आकार मोजण्यासाठीचा सिग्नल हे दोन वेगळे रस्ते आहेत. ते एकत्र करू नका. शोधण्यासाठी ५ ते १५ हर्ट्झचा पट्टा पुरतो, कारण क्यूआरएसची बहुतेक ऊर्जा तिथेच असते आणि टी-लहर, श्वासाची डुलणी, स्नायूंची करकर बरीचशी गळून जाते. पण हाच गाळलेला सिग्नल एसटी (क्यूआरएस आणि टी-लहर यांच्या मधला भाग) किंवा क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी-लहरीच्या शेवटापर्यंतचा काळ) मोजायला वापरलात तर जे मोजाल ते फिल्टरने घडवलेलं असेल. त्या मोजमापासाठी खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि बेसलाइनची डुलणी स्प्लाइनने काढा.

शोधण्याची सर्वांत जुनीजाणती रीत पॅन आणि टॉम्पकिन्स यांची, १९८५ ची. पट्टा-फिल्टर, मग उतार काढणं, मग वर्ग करणं, मग सुमारे १५० मिलिसेकंदांच्या सरकत्या खिडकीत बेरीज, आणि शेवटी सिग्नलसोबत स्वतःला जुळवून घेणारा उंबरठा. एका ठोक्यानंतर २०० मिलिसेकंद दुसरा ठोका मानत नाहीत. ३६० मिलिसेकंदांच्या आत काही आढळलं तर उतार बघून ती टी-लहर आहे का हे ठरवतात. आणि सरासरीच्या १६६% वेळ उलटूनही ठोका सापडला नाही तर मागे जाऊन खालच्या उंबरठ्याने पुन्हा शोधतात. चाळीस वर्षं झाली, तरी स्वच्छ सिग्नलवर ही रीत आजही मान खाली घालायला लावत नाही.

ती चुकते ती ठरलेल्या जागी. उंच, टोकदार टी-लहर दुसरा ठोका म्हणून मोजली जाते आणि गती एकदम दुप्पट दिसते. आर-आर अंतरं (लगतच्या दोन आर-शिखरांमधला वेळ) लांब-आखूड-लांब-आखूड अशी शिस्तीत आली की हाच संशय धरा. इलेक्ट्रोड हलल्याने एक मोठा झटका आला तर उंबरठा वर चढतो आणि पुढचे काही खरे ठोके सुटतात. पेसमेकर असेल तर त्याचा खिळाच (विजेच्या स्पंदाची टोकदार रेघ) ठोका समजला जातो, मग त्यामागे हृदयाने प्रतिसाद दिला असो वा नसो. आणि व्हीपीसी जर मुख्य ठोक्यापेक्षा फार बुटकी असेल तर ती सरळ वगळली जाते. अहवालात तिच्या जागी पॉझ छापला जातो.

यावर सोपा उपाय म्हणजे दोन चॅनलवर दोन वेगळ्या रीतींनी ठोके शोधणं. जिथे दोन्हींचं एकमत होत नाही तेवढेच तुकडे डोळ्यांनी पाहा.

ठोक्यांची जात: खरं काम इथे आहे

सॉफ्टवेअर सारख्या आकाराचे ठोके एका टेम्प्लेटमध्ये गोळा करतं. एक लाख ठोक्यांचे साधारण वीस ते ऐंशी टेम्प्लेट होतात. त्यापेक्षा फारच जास्त झाले तर सिग्नल खराब आहे असं समजा. प्रत्येक टेम्प्लेटला नाव द्यायचं: नॉर्मल, वरच्या कप्प्यातला, खालच्या कप्प्यातला, मिश्र, किंवा कचरा. टेम्प्लेटचा सरासरी आकार बघून नाव देऊ नका. आतले ठोके एकावर एक ठेवून पाहा. सरासरी रेघ गुळगुळीत असते आणि पोटात तीन जाती लपलेल्या असतात.

आम्ही सुचवू तो क्रम असा. सर्वांत आधी सगळ्यांत लांब आर-आर अंतरं उघडा. ३ सेकंदांवरचा प्रत्येक पॉझ दोन्ही चॅनलवर बघितल्याशिवाय अहवालात जाऊ द्यायचा नाही. रेघ एकाच चॅनलवर सपाट आणि दुसऱ्यावर ठोके चालू, तर वायर सुटली होती. खरा पॉझ असेल तर त्याआधीच्या टी-लहरीत नीट डोकावा: तिथे दडलेली पी-लहर (वरच्या कप्प्यांची लाट) सापडली तर तो पुढे न पोचलेला वेळेआधीचा ठोका आहे, आणि पॉझचं सर्वांत नेहमीचं कारण तेच. मग सर्वांत आखूड अंतरं पाहा. दुप्पट मोजणी आणि झटके तिथे सापडतात.

त्यानंतर सलग तीन किंवा अधिक व्हीपीसींची प्रत्येक मालिका. सॉफ्टवेअर इथे सर्वांत जास्त फसतं आणि फसवणुकीची किंमतही इथेच सर्वांत मोठी. दात घासताना किंवा हाताची लयबद्ध हालचाल चालू असताना रुंद, वेगवान लाटा उमटतात. हुबेहूब व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे खालच्या कप्प्यातून चालणारी वेगवान लय. परीक्षा सोपी आहे. डिव्हायडर घ्या, मालिकेआधीचं आर-आर अंतर त्यावर धरा आणि लाटांमधून तेवढ्याच पावलांनी पुढे चला. त्या जागांवर बारीक टोकं दिसत गेली तर खरे ठोके खाली आपल्या गतीने चालूच होते. पार्किन्सनचा कंप ४ ते ६ हर्ट्झचा असतो, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०, आणि तो फ्लटरचं (वरच्या कप्प्यांच्या वेगवान, नियमित लयीचं) सोंग छान वठवतो.

खरी मालिका असेल तर तिचे दोन आकडे वेगवेगळे लिहा: सर्वांत *लांब* किती ठोक्यांची आणि सर्वांत *वेगवान* किती गतीची. एकाच मालिकेला दोन्ही मान मिळतील असं नाही. ३० सेकंदांच्या आत आपोआप थांबली आणि गती १०० च्या वर असली तर ती नॉन-सस्टेन्ड. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत (हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारात) हीच रेघ साधारणपणे १२० वर धरतात.

बायजेमिनीपासून सावध राहा. एक नॉर्मल, एक व्हीपीसी असं तासन्तास चाललं तर काही प्रोग्राम व्हीपीसीलाच मुख्य ठोका समजू लागतात. अहवालात व्हीपीसी ३% दिसतात आणि खऱ्या २०% असतात. तासागणिक व्हीपीसीचा आलेख अचानक शून्यावर आला की त्या तासाची पट्टी उघडून बघा.

एट्रियल फिब्रिलेशनचा शोध मुख्यतः आर-आरच्या बेशिस्तीवर चालतो. वेळेआधीचे ठोके फार असले किंवा तरुण माणसात श्वासासोबत गती मोठ्या प्रमाणात वरखाली होत असली तर खोटी घंटा वाजते. पी-लहर पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. फिब्रिलेशन किमान ३० सेकंद टिकलं तरच ते धरायचं हा संकेत आहे. आणि त्याच्या आत 'वेळेआधी आला म्हणून व्हीपीसी' हा नियमच लागू होत नाही, कारण तिथे वेळच ठरलेली नसते. लांब अंतरानंतर लगेच आखूड अंतरावर आलेला रुंद ठोका बहुधा ॲशमनचा, बंडलमध्ये अडखळलेला, असतो.

शेवटी प्रत्येक आर-आर अंतर पुढच्या अंतरासमोर मांडून ठिपक्यांचा पॉइनकारे आलेख काढा. निरोगी सायनस लय (हृदयाची नेहमीची लय) धूमकेतूसारखी दिसते. फिब्रिलेशन पंख्यासारखं पसरतं. व्हीपीसी मुख्य ठिगळापासून दूर बेटं करतात. बेटावरचे ठिपके 'नॉर्मल' रंगात असतील तर तुमचं एडिटिंग संपलेलं नाही.

एक सुटलेला ठोका किती महाग पडतो

पाच मिनिटांची पट्टी, गती ७५, म्हणजे साधारण ३७५ अंतरं, आणि खरा आरएमएसएसडी २० मिलिसेकंद. यात एकच ठोका सुटला. ८०० चं अंतर १६०० झालं, आणि शेजारच्या अंतरांशी ८०० चे दोन फरक तयार झाले. वर्गांची बेरीज १,५०,००० होती, ती १४,३०,००० झाली. आरएमएसएसडी २० वरून ६२ वर. स्वायत्त मज्जासंस्थेचं मरगळलेलं नियंत्रण असलेला रुग्ण एका चुकीने खेळाडू ठरला.

म्हणून एचआरव्हीसाठी फक्त नॉर्मल-ते-नॉर्मल अंतरं घ्या, ज्यांना एनएन म्हणतात. व्हीपीसीच्या दोन्ही बाजूंची अंतरं वगळा. मागच्या सरासरीपेक्षा २०% हून जास्त हललेली अंतरं संशयित माना, पण डोळे झाकून फेकू नका. झोपेत खोल श्वासाने तेवढा फरक खराही असू शकतो. वगळलेल्या जागी मधली किंमत भरायची का? वारंवारतेच्या विश्लेषणासाठी भरावी लागते, किंवा मग लॉम्ब-स्कारगल वापरा, जे रिकाम्या जागांसकट चालतं. आरएमएसएसडीसाठी भरू नका. भरलेली किंमत शेजाऱ्यासारखीच असते आणि आकडा खोटा खाली येतो. फिब्रिलेशन किंवा सतत पेसिंग असेल तर एचआरव्ही काढूच नका.

मापं आणि त्यांच्या रेघा

एसडीएनएन हे सर्व एनएन अंतरांचं प्रमाण विचलन. १९९६ च्या युरोपीय-अमेरिकी टास्क फोर्सने निरोगी माणसांचं २४ तासांचं मूल्य १४१ अधिक-उणे ३९ मिलिसेकंद दिलं. १०० च्या खाली मध्यम घट, ५० च्या खाली तीव्र. क्लायगर आणि सहकाऱ्यांच्या १९८७ च्या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेले ८०८ रुग्ण होते. ५० खालच्यांचा मृत्यूचा धोका १०० वरच्यांच्या ५.३ पट निघाला. या रेघा २४ तासांच्या नोंदीच्या आहेत. पाच मिनिटांच्या एसडीएनएनला त्या लावणं म्हणजे एका षटकावरून कसोटीचा निकाल सांगणं. म्हाताऱ्या माणसांत अजून एक मेख आहे: सायनस नोडच (हृदयाची गती ठरवणारी गाठ) अडखळू लागला की अंतरं बेशिस्तीने बदलतात, आरएमएसएसडी वाढतो आणि तो चांगला वाटतो. पॉइनकारे आलेखात धूमकेतूऐवजी गुंतागुंतीचं ठिगळ दिसलं तर त्या वाढीवर विश्वास ठेवू नका.

हार्ट रेट टर्ब्युलन्स हे माप श्मिट आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, आणि कल्पना मोठी सुरेख आहे. व्हीपीसीमुळे रक्तदाब क्षणभर पडतो; सुदृढ शरीर लगेच गती वाढवतं आणि मग दाब सावरल्यावर सावकाश कमी करतं. व्हीपीसी म्हणजे निसर्गाने आपण होऊन घेतलेली छोटी चाचणीच. सुरुवातीचं माप, टीओ, असं काढा: व्हीपीसीनंतरच्या पॉझपुढच्या पहिल्या दोन अंतरांची बेरीज घ्या, त्यातून व्हीपीसीआधीच्या दोन अंतरांची बेरीज वजा करा, आलेल्या फरकाला त्याच आधीच्या बेरजेने भागा, टक्के करा. शून्य किंवा जास्त आलं तर बिघाड. उताराचं माप, टीएस, म्हणजे पुढच्या १५ अंतरांत कुठल्याही सलग पाचांवर बसवलेल्या सरळ रेषेचा सर्वांत चढा उतार; दर ठोक्यामागे २.५ मिलिसेकंद किंवा कमी असेल तर बिघाड. दोन्ही बिघडले असतील तर सर्वांत वाईट गट.

गोम गणनेच्या क्रमात आहे. टीओ प्रत्येक व्हीपीसीसाठी वेगळा काढून मग सरासरी घ्यायची. टीएससाठी आधी सगळ्या पट्ट्यांची सरासरी करून मग एकदाच उतार. उलट केलंत तर टीएस फुगतो, कारण प्रत्येक पट्टीतला नॉइजही कुठेतरी चढ देतोच. याच कारणाने दोन-तीन व्हीपीसींवरून टीएस सांगू नका. किमान पाच हव्यात. पात्र व्हीपीसी किमान २०% लवकर आलेली आणि तिच्यानंतरचा पॉझ नेहमीच्या अंतराच्या किमान १२०% असावा. ३०० मिलिसेकंदांखालचं किंवा २००० वरचं अंतर असलेली पट्टी बाद. दोन ठोक्यांच्या मध्ये बसलेली, पॉझ न देणारी व्हीपीसीही बाद. आणि जी वरच्या कप्प्यातली होती पण चुकून व्हीपीसी लेबल लागलं, ती गुपचूप सगळं बिघडवते.

व्हीपीसीच नसतील तर डिसेलरेशन कपॅसिटी, २००६ ची. आधीच्यापेक्षा लांब झालेलं प्रत्येक अंतर नांगर म्हणून धरा, ५% हून जास्त लांबलेली सोडून द्या. सगळे नांगर एका रेषेत ठेवून सरासरी करा. नांगराचं आणि त्याच्या पुढचं अंतर मिळवा, मागची दोन वजा करा, चारने भागा. २.५ मिलिसेकंद किंवा खाली जास्त धोका, ४.५ च्या वर कमी.

टी-वेव्ह अल्टरनन्ससाठी सम आणि विषम ठोक्यांच्या दोन वेगळ्या सरकत्या सरासऱ्या ठेवतात आणि टी-लहरीतला त्यांचा सर्वांत मोठा फरक मोजतात. ४७ मायक्रोव्होल्ट किंवा वर असामान्य, ६० किंवा वर फार असामान्य. संगणकाने दिलेलं कमाल मूल्य जिथलं आहे ती पट्टी उघडाच. श्वासाची गती हृदयाच्या गतीच्या बरोबर निम्मी झाली, किंवा आर-आरच आलटून-पालटून लांब-आखूड होत असला, तर अल्टरनन्सचा भास तयार होतो.

क्यूटीसाठी एकेक ठोका मोजू नका. मिनिटाभराच्या नॉर्मल ठोक्यांचा मध्यक आकार घ्या, टी-लहरीच्या उतरत्या बाजूला स्पर्शरेषा टाका. गती बदलल्यावर क्यूटी मागून, एक-तीन मिनिटांनी पोचतो, म्हणून गती स्थिर असलेलीच मिनिटं निवडा. क्यूटी ३६० आणि गती १०० असेल तर बॅझेटच्या सूत्राने ४६५ येतं आणि फ्रिडेरिशियाच्या सूत्राने ४२७. एकच हृदय, एकात लांब क्यूटी, दुसऱ्यात ठीक. होल्टरमध्ये दिवसभर गती बदलत असते, तिथे बॅझेट टाळावं. फ्रिडेरिशियाने ५०० ओलांडलं तर अहवाल होईपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना लगेच कळवा.

व्हीपीसीचं ओझं म्हणजे तपासता आलेल्या एकूण ठोक्यांत त्यांची टक्केवारी. साधारण १० टक्क्यांवर खालचा कप्पा कमजोर होण्याची शक्यता सुरू होते. २०१० च्या एका अभ्यासात कमजोर आणि ठणठणीत गटांना सर्वांत चांगलं वेगळं करणारी रेघ २४% निघाली. हा धोका पंप थकण्याचा आहे, अचानक मृत्यूचा नाही; दोन्ही एकाच रकान्यात टाकू नका.

शिकणारी मशीन वापरत असाल तर

चाचणी रुग्णागणिक वेगळी करा. एमआयटी-बीआयएच या ईसीजी संग्रहात अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, ४७ माणसं आणि सुमारे १,१०,००० नावं दिलेले ठोके आहेत. ठोके पत्त्यांसारखे पिसून प्रशिक्षण आणि चाचणीत वाटले तर एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे जातात आणि अचूकता ९९% दिसते. नवा रुग्ण आला की ती कोसळते. पेसमेकरच्या चार नोंदी बाजूला ठेवा. एकूण अचूकता सांगू नका, कारण सगळ्याला 'नॉर्मल' म्हणणारं यंत्रही तिथे चांगले गुण मिळवतं. प्रत्येक जातीची संवेदनशीलता (खऱ्यांपैकी किती पकडले) आणि पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्हिटी (पकडलेल्यांपैकी किती खरे) द्या. जागा जुळली असं मानायची खिडकी १५० मिलिसेकंद. लांब नोंदींवर तपासायचं तर फिजिओनेट या संकेतस्थळावर लाँग-टर्म एएफ (एट्रियल फिब्रिलेशन) संग्रहात दिवसभराच्या ८४ नोंदी आहेत. अचानक मृत्यूचा होल्टर संग्रहही आहे, पण फक्त २३ नोंदींचा. त्यावर धोक्याचं मॉडेल शिकवणं म्हणजे पाठांतर करून घेणं.

२०१९ मध्ये ५३,५४९ रुग्णांच्या ९१,२३२ एका लीडच्या पट्ट्यांवर शिकवलेल्या ३४ थरांच्या जाळ्याने १२ लयी हृदयरोगतज्ज्ञांच्या तोडीने ओळखल्या. ते काम लय ओळखण्याचं होतं. 'ही लय कोणती' आणि 'या माणसाला पुढे काय होईल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्यातलं यश दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणाऱ्या जाहिराती कमी नाहीत.

आकड्याचं वजन

समजा १००० रुग्णांपैकी ५० जणांना पुढे गंभीर अरिद्मिया होणार आहे, आणि तुमच्या मापाची संवेदनशीलता आणि विशिष्टता (सुरक्षितांपैकी किती जण सुरक्षित ठरवले) दोन्ही ८०% आहेत. धोक्याच्या बाजूला २३० जण येतील; त्यातले खरे ४०, म्हणजे १७%. सुरक्षित ठरलेल्या ७७० जणांत मात्र ७६० खरोखर सुरक्षित. असं माप निर्धास्त करायला चांगलं, घाबरवायला वाईट. म्हणून 'असामान्य' हा शब्द एकटा लिहू नका. आयसीडी (जीवघेणी लय ओळखून शॉक देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) बसवण्याचा निर्णय आजही मुख्यतः इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डाव्या खालच्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा हिस्सा) ३५% किंवा कमी यावर फिरतो. होल्टरची मापं त्याच्या शेजारी बसतात, खुर्चीवर नाही.

रुग्णांवर झालेल्या दोन मोठ्या उपचार-चाचण्या (क्लिनिकल ट्रायल) इथे विसरून चालत नाहीत. कास्ट, १९८९: हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या रुग्णांत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी व्हीपीसी छान दबल्या, होल्टर स्वच्छ झालं आणि मृत्यू वाढले. डिनामिट, २००४: झटक्यानंतर ६ ते ४० दिवसांतले, कमी इजेक्शन फ्रॅक्शन आणि मंदावलेली एचआरव्ही असलेले ६७४ रुग्ण. आयसीडीने अरिद्मियाचे मृत्यू घटवले, इतर मृत्यू वाढले, एकूण फरक पडला नाही. कमी एचआरव्ही आजारी माणूस ओळखते; तो अरिद्मियानेच जाईल हे ती सांगत नाही.

अहवालात प्रत्येक मापापुढे हे जोडा: तपासण्याजोगे तास किती, एकूण अंतरांत एनएन किती टक्के, टर्ब्युलन्ससाठी किती व्हीपीसी पात्र ठरल्या, क्यूटीचं सूत्र कोणतं, कोणती औषधं चालू होती (बीटा-ब्लॉकर तर हमखास लिहा), आणि झटक्याला किती दिवस झाले. ज्या मापासाठी नोंद अपुरी पडली तिथे आकडा छापू नका. 'काढता आलं नाही' असं लिहा आणि कारण द्या. प्रत्येक धोक्याच्या आकड्यासोबत तो जिथून आला ती मूळ पट्टी जोडा, २५ मिलिमीटर प्रति सेकंद वेगाने, दोन्ही चॅनलसकट.